राखणीच्या रानात जनरेटर

छोट्या जनरेटरच्या खोक्यावर आवाजाचा आकडा छापलेला असतो. एक-दोन केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर असेल तर ५० ते ६० डेसिबलच्या आसपास, आणि त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘सात मीटर अंतरावरून’. दुकानात आकडा ऐकून समाधान वाटतं. ६० डेसिबल म्हणजे दोन माणसांनी समोरासमोर बसून बोलावं एवढाच आवाज. पण दुकान पुण्यात असतं आणि जनरेटर चालवायचा असतो शिराळा तालुक्यात, आरळ्याच्या पुढे. तिथे डिसेंबरच्या रात्री कुत्रं भुंकलं तर ते कुठल्या वस्तीवरचं, हे माणसं बसल्या जागी सांगतात.

माझ्या मित्राने जुन्या ट्रॅव्हलरमध्ये घर थाटलंय. मागच्या सीटा काढून दोन बाक, बाकाखाली पाण्याची टाकी, हातभर ओटा, छोटा फ्रिज, टपावर दोनशे वॅटचं सोलर पॅनल. गाडी तो चालवतो. चहा आणि गाडी मागे घेताना ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणं एवढं खातं माझ्याकडे. पेठ नाक्यावर हायवे सोडायचा, शिराळ्यात भाजी-दूध घ्यायचं, मग कोकरूड, चरण, आरळा करत मणदूरकडे. पुढे वारणावती, चांदोलीचं धरण आणि राष्ट्रीय उद्यान. उद्यानात पर्यटकाने गाडी लावून रात्र काढायची नसते, म्हणून गाडी लागते ती अलीकडे कुणाच्या तरी रानात, मालकाला विचारून. शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅराव्हॅन पार्क आहेत, म्हणजे गाडी लावा, प्लग जोडा, पाणी भरा. तशा जागी जनरेटरचा प्रश्नच उरत नाही. आम्ही लावतो तिथे खळं असतं, शेजारी गोठा असतो आणि सगळ्यात जवळचा प्लग आप्पांच्या सोप्यात असतो.

आप्पा म्हणजे रानाचे मालक. साठी ओलांडलेले, भात-ऊस करणारे, दारात दोन म्हशी.

मित्राची एक रीत मला फार आवडते. गाडी लावून झाली की तो अंधार पडायच्या आत जनरेटर बाहेर काढतो, सुरू करतो, मला त्याच्यापाशी उभं करतो आणि स्वतः चालत आजूबाजूच्या घरांकडे जातो. आप्पांच्या उंबऱ्यात उभं राहून ऐकतो, मग पलीकडच्या वस्तीवर जाऊन ऐकतो. आपण लावलेला आवाज दुसऱ्याच्या दारातून ऐकायचा, एवढीच ती रीत. गाडीत बसून तो कधीच कळत नाही. काचा वर असतात, पंखा चालू असतो, आणि यंत्र आपलं असलं की कान आपोआप त्याला सूट देतात.

आप्पा त्याच्याशेजारी उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “आवाज मोटा न्हाई ओ पावणं. पर त्यो थांबत न्हाई.”

“रात्री नाही चालवणार, आप्पा.”

“चालवू नगा. रातच्याला आमी राखणीला असतो. आमचं समदं कानावर चालतंय.”

हे वाक्य मी नंतर त्यांच्यासोबत माळ्यावर बसलो तेव्हा नीट समजलं. चार वाशांवर बांधलेला माळा, वर पेंढा, एक घोंगडं, एक बॅटरी, एक पत्र्याचा डबा आणि तो बडवायला काठी. चांदोली १९८५ मध्ये अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि २०१० मध्ये कोयना अभयारण्यासकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. जंगल राखलं गेलं ही चांगलीच गोष्ट. पण त्या जंगलाच्या कडेला ज्यांची शेती आहे त्यांच्या उसात, मक्यात, शाळूत रात्री गवे उतरतात आणि भुईमुगात रानडुकरं. बॅटरीचा झोत पाच-पन्नास पावलं जातो. उसात तर दोन सरीही नाही. डोळ्यांचा उपयोग शेवटी, आधी कान.

आप्पा अंधारात काय ऐकतात याची यादी मी त्यांच्या तोंडून ऐकली. गवा चालताना पाचट दबल्याचा आवाज. ऊस मोडला की ‘काड्’ असा तुटका आवाज, तो एकदाच येतो, त्यावर दिशा धरायची. डुकरांचा कळप असेल तर माती उकरल्याची खसखस आणि मधेच एखादं पिल्लू केकाटतं. टिटवी ओरडत उठली तर तिच्याखाली काहीतरी चाललंय. बांधावरचे रातकिडे एकदम गप्प झाले तरी तेच. म्हणजे नुसता आवाज ऐकायचा नसतो, आवाजातला खंडही ऐकायचा असतो.

आणि हे ओळखून करायचं काय? डबा बडवायचा, हाळी द्यायची, पलीकडच्या माळ्यावरच्याला सावध करायचं. तिकडून उलट हाळी आली की पुन्हा शांत.

राखणीवाल्याशिवाय आणखी एक जण अंधारात असतो, दारं धरणारा. शेतीच्या पंपाला थ्री-फेज लाईट पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस पायात गमबूट घालून उसात पाणी फिरवत असतो आणि बिबट्याची धास्ती त्याला असते. पाणी सरीच्या टोकाला पोचलं की नाही, मोटर चालू आहे की लाईट गेली, मागे पाचटात काय हललं, हे सगळं तो कानानेच बघतो. त्याच्यापासून शंभर पावलांवर आमची गाडी उभी.

आता यंत्राकडे वळू. साध्या पेट्रोल जनरेटरला ५० हर्ट्झ वीज द्यायची तर मिनिटाला ३००० फेरे घ्यावेच लागतात, मग त्यावर एक दिवा असो की शेगडी. एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन, म्हणजे सेकंदाला पंचवीस ठोके, अखंड. भारनियमनाच्या वर्षांत शिराळा-इस्लामपूरच्या बाजारपेठेत दुकानादुकानापुढे, दोरी ओढून सुरू होणारी ही यंत्रं फुटपाथवर थडथडायची. त्या आवाजाची ओळख इथे सगळ्यांना आहे. इन्व्हर्टर जनरेटर सुधारलेला. तो आधी वीज डीसी करतो, मग तिची स्वच्छ एसी बनवतो, त्यामुळे भार कमी असला की इंजिन हळू फिरू शकतं. खोक्यावरचा लहान आकडा याच हळू फिरण्याचा असतो. इंडक्शन शेगडी लावा, तोच जनरेटर ओरडायला लागतो.

अंतराचं गणित सोपं आहे. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. सात मीटरवर ५८ धरले तर चौदावर ५२, अठ्ठावीसवर ४६, छप्पनवर ४०, एकशे बारावर ३४. आणि शांत रात्री रानात मुळात आवाज असतो तीसच्या आसपास. त्यात थंडीची रात्र उलटी वागते. जमिनीलगतची हवा आधी गार होते, वरची त्या मानाने उबदार राहते, आणि आवाज वर विरून जायच्या ऐवजी पुन्हा खाली वळतो. धरणाच्या पाण्यावर आणि खोऱ्यात हे जास्तच जाणवतं. दिवसा ज्या वस्तीवर काही ऐकू आलं नाही तिथे रात्री तेच यंत्र स्पष्ट ऐकू येतं. त्यामुळे मित्राची संध्याकाळची फेरी चांगली असली तरी रात्रीची परवानगी ती देऊ शकत नाही.

एका उन्हाळ्यात पलीकडच्या काठाला एक मोठी भाड्याची कॅराव्हॅन आली होती. एसी रात्रभर चालू. एक टनाचा एसी हजार-बाराशे वॅट खातो, साधी बॅटरी त्यापुढे तास-दोन तासांत मान टाकते, म्हणजे जनरेटरही रात्रभर. आतले लोक गाढ झोपले असणार, त्यांना एसीची घरघर तेवढी ऐकू येत असेल. सकाळी त्या बाजूच्या मक्याचा एक कोपरा तुडवलेला होता. गवे अगदी शांत रात्रीही येतात, त्यामुळे दोष यंत्राचाच असं छातीठोक म्हणता येणार नाही. मक्याचा मालक मात्र एवढंच सांगत होता की रात्रभर डोळा लागला नव्हता, आणि तरी काही ऐकलं नाही.

शहरातून येणारे यावर हमखास एक मुद्दा काढतात. गावात लग्नाला डीजे वाजतो, जत्रेला पाळण्याचे जनरेटर धडधडतात, तेव्हा कुणाला राखण आठवत नाही. आमच्या डबड्याचंच काय एवढं? मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. डीजेचा त्रास गावालाही होतो आणि त्याबद्दल गावातली म्हातारी माणसं काय बोलतात ते छापण्यासारखं नसतं. पण जत्रेची तारीख वर्षभर आधी ठाऊक असते, लग्नाची पत्रिका घरोघर गेलेली असते. त्या रात्री शेताचं काय करायचं हे ठरलेलं असतं. मांडवाबाहेरच्या मोठ्या डिझेल जनरेटरलाही डब्यापासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ वेगळी मोजतात. वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५. आमच्या गाडीची पत्रिका कुणालाच गेलेली नसते. आणि माळ्यावरच्या माणसाला ४५ सुद्धा जास्त आहेत, हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही.

मग चालवायचा तरी कधी? मित्राने पहाटेची वेळ सुचवली होती. सहा वाजले, नियम संपला, राखणीची माणसं घरी आली. यावर आप्पांच्या घरातून काकूंचं उत्तर आलं, “धारंच्या टायमाला नगा बाबा. म्हस पान्हा चोरती.” परका आवाज आला की म्हैस बिथरते आणि दूध आवरून धरते, मग दूध कमी पडतं आणि डेअरीची वेळ चुकते. तेव्हा सकाळी धारा होऊन डेअरीला दूध जाईपर्यंत नाही, संध्याकाळी धारांच्या वेळी नाही, दिवेलागणीनंतर तर नाहीच. जेवण झाल्यावर म्हातारी माणसं सोप्यात आडवी होतात, ती घटका वगळायची. उरले सकाळी दहा ते बारा. गावात तेव्हा पिठाची गिरणी चालू असते, मोटरी चालू असतात, माणसं रानात असतात.

गंमत अशी की याच वेळेत टपावरचं सोलर पॅनल पुरेपूर काम करत असतं. शेजाऱ्याला जनरेटर सगळ्यात कमी खुपतो तेव्हा आपल्यालाही त्याची गरज सगळ्यात कमी असते. गुढे-पाचगणीच्या पठारावर तर गाडी पवनचक्क्यांच्या ओळीत उभी राहते, वर वीज तयार होत असते आणि खाली कुणीतरी दोरी ओढत असतं.

म्हणून खरं काम जनरेटरपाशी होतच नाही, ते हिशेबाच्या वहीत होतं. मित्र ती वही ठेवतो. तीन एलईडी दिवे पाच तास, ७५ वॅट-तास. बारा व्होल्टचा पंखा रात्रभर, दीडशे. फ्रिज थांबत-चालत दिवसाला पाचशे. फोन वगैरे पन्नास. एकूण पावणेआठशे. शंभर ॲम्पिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत साधारण १२८० असतात. पेठ नाक्यावरून येताना गाडीच्या अल्टरनेटरवर तीस ॲम्पिअरने दोन तास चार्जिंग झालं की निम्म्याहून जास्त बॅटरी वाटेतच भरते. हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात पॅनल आठशेच्या घरात देतं. स्वयंपाक गॅसवर, इंडक्शन घरी. एवढं पाळलं की जनरेटरचं काम ढगाळ दिवसापुरतं राहतं. पावसाळ्यात मात्र पॅनलचा भरवसा नाही, आणि तेव्हा इकडे रानात गाडी लावायचा हट्टही करू नये. ती रुतली की काढायला आप्पांचाच ट्रॅक्टर लागतो.

चालवायचाच झाला तर काही गोष्टी सांभाळायच्या. वीस मीटरची जाड केबल सोबत ठेवायची आणि यंत्र मातीच्या बांधाआड, रबरी चटईवर ठेवायचं. पत्र्यावर ठेवलं तर पत्राही वाजतो. धुराड्याचं तोंड घरांकडे नको, गोठ्याकडे नको आणि आपल्या खिडकीकडे तर मुळीच नको, कारण त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस मारतो. आवाज दाबायला वर पोतं टाकणं किंवा खड्ड्यात ठेवणं हे दोन्ही घातक, यंत्र तापतं आणि धूर साचतो. पेट्रोल भरायचं ते यंत्र गार झाल्यावरच.

चांदोलीकडे गाडी घेऊन येणार असाल तर जागा मागताना त्याच दमात आणखी एक गोष्ट विचारा, ‘आज या शिवारात राखणीला कोण आहे आणि दारं कोण धरतंय?’ त्यांना आपला फोन नंबर द्या, आणि दिवेलागणीनंतर काहीही झालं तरी जनरेटरला हात लावू नका. फोन चार्ज करायचा राहिला असेल तर आप्पांच्या सोप्यात प्लग आहे. विचारलंत तर नाही म्हणणार नाहीत.