कोंबडा यांचा, झोप शेजाऱ्यांची
लेखमाला ‘शहरातले सोबती’ : भाग सातवा

केरळमधल्या अडूरला फेब्रुवारी २०२५ मध्ये महसूल विभागीय अधिकाऱ्यांपुढे एका कोंबड्याची सुनावणी झाली. तक्रारदार वयस्कर आणि आजारी. म्हणणं एवढंच की शेजारचा कोंबडा पहाटे तीनपासून आरवतो आणि डोळ्याला डोळा लागत नाही. अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, जागेची पाहणी केली. खुराडं शेजाऱ्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर होतं. चौदा दिवसांत ते तिथून हलवून जागेच्या दक्षिणेकडच्या बाजूला न्यावं, असा आदेश निघाला. कोंबडा काढून टाका, असं कोणीही म्हटलं नाही.

पुण्यातही असाच प्रकार झाला होता. मे २०१९ मध्ये सोमवार पेठेत बहिणीकडे राहायला आलेल्या एका बाईंनी घराबाहेर आरवणाऱ्या कोंबड्याविरुद्ध समर्थ पोलिस ठाण्यात तक्रारअर्ज दिला आणि त्याची बातमी देशभर चवीनं वाचली गेली. बेंगळुरूत जे. पी. नगरकडच्या एका रहिवाशानं शेजारच्या कोंबड्या-बदकांमुळे झोपमोड होते म्हणून शहर पोलिसांना समाजमाध्यमावर साकडं घातलं. अशा बातम्या लोक हसून सोडून देतात. पण नोकरीनिमित्त बेंगळुरूत स्थिरावलेली, व्हाइटफिल्ड किंवा सर्जापूर रोडच्या बाजूला स्वतःची साइट घेऊन घर बांधलेली मराठी मंडळी चार गावठी कोंबड्या पाळायचं मनावर घेतात, तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो : इथे हे चालतं का?

चालतं, पण त्याला एक अट आहे. बेंगळुरूचा कारभार अनेक दशकं ज्या कायद्यानं चालला, त्या १९७६ च्या कर्नाटक महापालिका कायद्यात डुक्कर पाळायला आयुक्तांची परवानगी मागितली आहे. बाकीच्या प्राण्यांबद्दल त्याचं म्हणणं एवढंच की कोणताही प्राणी इतरांना उपद्रव किंवा धोका होईल अशा रीतीनं आपल्या जागेत ठेवू नये. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यातलं कलमही याच वळणाचं आहे. कोंबड्या किती, खुराडं कुंपणापासून किती फुटांवर, कोंबडा चालेल की फक्त कोंबड्या, यातलं काहीच तिथे नाही. कायदा कोंबडीकडे बघतच नाही, तो शेजाऱ्याकडे बघतो. पुढे २०२० मध्ये बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेचा स्वतंत्र कायदा झाला, २०२५ मध्ये ती पालिका जाऊन ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आणि त्याखाली पाच महापालिका आल्या. कार्यालयांवरच्या पाट्या बदलल्या, पण कोंबड्यांचा प्रश्न होता तिथेच राहिला.

परदेशात हे काम आकड्यांनी भागवतात. अमेरिकेतल्या सिएटलनं २०१० मध्ये घरटी कोंबड्यांची मर्यादा तीनवरून आठ केली आणि त्याच फटक्यात नवे कोंबडे ठेवायला बंदी घातली. न्यूयॉर्कमध्ये कोंबडी चालते, कोंबडा चालत नाही. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एकच पक्षी पाळला तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. बेंगळुरूनं आकड्यांचा मार्ग एकदा कुत्र्यांच्या बाबतीत चोखाळून पाहिला. २०१८ चे ते नियम गेल्या भागात आलेच आहेत : फ्लॅटला एक कुत्रा, स्वतंत्र घराला तीन. श्वानप्रेमींनी असा काही गदारोळ केला की पालिकेला ते गुंडाळावे लागले. कोंबड्यांसाठी तसं कोणी रस्त्यावर उतरणार नाही, हेही खरं.

आता उपद्रव म्हणजे काय? कोंबड्यांच्या बाबतीत तो तीन वाटांनी येतो : आवाज, वास आणि रोग.

आवाजाचा धनी एकटा कोंबडा. कोंबडी अंडं घातल्यावर पाचदहा मिनिटं कलकलाट करते, पण तो दिवसाउजेडी. कोंबड्याचं तसं नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या ताकाशी योशिमुरा आणि त्सुयोशी शिम्मुरा यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की आरवण्याची वेळ कोंबड्याच्या शरीरातलं घड्याळ ठरवतं. सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही साधारण ठरल्या वेळीच आरवत राहिले, आणि एरवी उजाडण्याच्या सुमारे दोन तास आधीपासून त्यांचं आरवणं सुरू व्हायचं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याला ठाऊक होतं. झाकलेलं कोंबडंही वेळ चुकवत नाही, ही त्यात पडलेली भर. त्यामुळे रात्री खुराड्यावर गोणपाट टाकून काम भागेल असं समजणाऱ्यांची निराशा होते. गोणपाटानं आवाज थोडा दबतो, वेळ बदलत नाही. याच संशोधकांनी दोन वर्षांनी आणखी एक गोष्ट मांडली : कळपात आधी आरवतो तो सगळ्यांत वरच्या मानाचा कोंबडा, बाकीचे उतरत्या क्रमानं त्याच्यामागे. म्हणजे एकाच्या जागी तीन कोंबडे असले की पहाटेची रांगच लागते. बेल्जियममधल्या संशोधकांनी आरवणाऱ्या कोंबड्याच्या स्वतःच्या कानापाशी आवाज मोजला, तर तो १४० डेसिबलच्या पुढे गेला. चोच पूर्ण उघडली की त्याची कानाची नळी मिटते, म्हणून त्याला स्वतःला त्रास होत नाही. शेजाऱ्याला निसर्गानं ही सोय दिलेली नाही.

देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र धरली आहे १० ते ६. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज झाला तर तक्रार करता येते. बेंगळुरूत सूर्य साधारण सहा ते पावणेसातच्या दरम्यान उगवतो, म्हणजे आरवण्याचा पहिला तास-दीड तास कायद्याच्या रात्रीत पडतो. व्यवहारात पोलिस डेसिबल मोजायचं यंत्र घेऊन खुराड्याशी उभे राहत नाहीत. ते दोन्ही घरांना समजावतात. प्रकरण वाढलं तर भारतीय नागरी सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे. त्याखाली कार्यकारी दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश काढू शकतात. न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाला हजार रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम किरकोळ वाटते, पण चार अंड्यांपायी तारखांना जायची वेळ आली की तीच जड होते.

इथे बेंगळुरूची एक खास अडचण समोर येते. जानेवारी २००७ मध्ये सात नगरसभा, एक पुरसभा आणि ११० गावं शहरात सामील झाली. त्या गावांमध्ये कोंबड्या आधीपासून होत्या. नंतर शेतांच्या साइट पडल्या, तीस बाय चाळीसच्या तुकड्यांवर तीन-तीन मजले चढले आणि ज्या परसात पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या फिरल्या, त्याच्या भिंतीला लागून कोणाची तरी बेडरूम आली. मग आधी आलेल्याचा हक्क मोठा, असं म्हणावं का? इंग्लंडमध्ये १८७९ मध्ये स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन या खटल्यात हाच मुद्दा होता. एका मिठाईवाल्याचे खलबत्ते वीस वर्षांहून जास्त काळ वाजत होते. शेजारच्या डॉक्टरनं बागेच्या टोकाला, त्या भिंतीलगत, तपासणीची खोली बांधली आणि मग तक्रार केली. न्यायालयानं कौल डॉक्टरला दिला. उपद्रवाजवळ तुम्ही स्वतःहून येऊन राहिलात, हा बचाव टिकला नाही. भारतातल्या उपद्रवाच्या कायद्याची मुळंही त्याच इंग्रजी परंपरेत आहेत. फ्रान्सनं मात्र उलट वाट धरली. ओलेरॉन बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध सुट्टीपुरतं येणाऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये रोशफोरच्या न्यायालयात ते हरले. २०२१ मध्ये तिथे गावाकडच्या आवाजांना आणि वासांना वारशाचा दर्जा देणारा कायदा झाला. २०२४ मध्ये आणखी एक, की जे काम तुम्ही राहायला येण्याआधीपासून नियमानं चालू आहे, त्याच्या त्रासाची भरपाई मागता येणार नाही. वर्तूर किंवा बेगूरच्या जुन्या घरांना असा कायदा फार आवडेल. आज तरी तो त्यांच्या हाती नाही.

वासाचं गणित त्यामानानं सोपं. कोंबडीची शिट ओली राहिली की तिच्यातून अमोनिया सुटतो, कोरडी राहिली तर फारसा वास येत नाही. म्हणून खुराड्यात लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस चांगलं बोटभर पसरायचं, पाण्याच्या भांड्याखालची ओली जागा रोज हातानं उकरून काढायची आणि ती सुक्या पाल्यात कालवून खतात टाकायची. मूठभर तूस दाबून पाहिलं आणि त्याचा गोळा झाला, तर बदलायची वेळ झाली. दाणे रात्री उघडे राहिले की उंदीर येतात, उंदरांच्या मागे धामण येते. आणि साप दिसला की शेजारी कोंबड्यांना दोष देतात, तो सगळाच चुकीचा नसतो. बेंगळुरूत खुराडं बहुतेक जण साइटच्या कडेनं सोडलेल्या मोकळ्या पट्टीत, सेटबॅकमध्ये, टेकवतात. ती जागा बांधकाम नियमांनी मोकळी ठेवायला सांगितलेली असते. उचलून हलवता येईल अशी जाळीची पेटी ठेवली तर सहसा कोणी बोट ठेवत नाही, पण विटा रचून पत्रा टाकला की तक्रारदाराला आयता दुसरा मुद्दा मिळतो.

रोगाच्या बाबतीत मात्र सरकार शेजाऱ्याच्या तक्रारीची वाट बघत नाही. देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ महाराष्ट्रातल्या नवापूरची, फेब्रुवारी २००६ मधली. बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याच्या केंद्रीय कुक्कुट संस्थेत ऑक्टोबर २०१२ मध्ये ती टर्कींमध्ये आली. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस ती थेट शहराच्या हद्दीत, येलहंका बाजूच्या दासरहळ्ळीतल्या एका चिकनच्या दुकानात सापडली. फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये शेजारच्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातल्या वरदहळ्ळीत घरगुती कोंबड्या पटापट मेल्या, तिथेही तोच निदानाचा अहवाल आला. केंद्राच्या कृती आराखड्यानुसार रोग सापडला त्या जागेपासून एक किलोमीटरचा पट्टा बाधित धरतात आणि त्यातले पक्षी मारून पुरतात. तिथे पाच हजारांचं फार्म आणि परसातल्या पाच कोंबड्या यांत फरक नाही. मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून एकाच दिवशी दोनतीन कोंबड्या मान टाकताना दिसल्या, तर गुपचूप पुरून टाकण्यापेक्षा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणं खिशालाही परवडतं. रोजचा धोका मानमोडीचा. लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात टाकला की काम होतं, पण कुपी किमान शंभर मात्रांची असते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांच्या मालकानं एकाच दिवशी गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या गोळा करणं हाच त्यातला शहाणपणा.

एक नियम फक्त उत्तर बेंगळुरूच्या वाट्याचा. येलहंका हवाई तळावर ‘एअरो इंडिया’ भरतं तेव्हा घारी विमानांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून मटण-चिकनची दुकानं बंद ठेवली जातात. २०२५ मध्ये ही बंदी तळाभोवतीच्या १३ किलोमीटरांत, २३ जानेवारी ते १७ फेब्रुवारी होती. १९३७ च्या विमान नियमावलीत विमानतळापासून दहा किलोमीटरांच्या आत जनावरं कापणं आणि पक्षी जमतील असा कचरा उघड्यावर टाकणं यांना मनाई आहे. घरच्या कोंबड्या पाळायला अडचण नाही. पिसं आणि आतडी रस्त्याकडेच्या ढिगात टाकली की आहे.

अपार्टमेंटमध्ये गोष्ट वेगळी. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळानं २०१५ मध्ये निवासी संघटनांना बजावलं, की पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही. काही जण त्याचा आधार घेऊन बाल्कनीत कोंबड्या ठेवू पाहतात, पण ते पत्रक कुत्र्यांबद्दलच बोलतं. भाड्याच्या घरात तर करारनाम्याचा शब्द अखेरचा. अंडी विकायला सुरुवात केली की मामला व्यापार परवान्याकडे जातो.

आणि तरीही बहुतेक भांडणांचं मूळ पिल्लं आणतानाच पडलेलं असतं. बेंगळुरूत चांगली पिल्लं मिळण्याची अडचण नाही. महाराष्ट्रातल्या गावागावांत पोचलेली गिरिराज कोंबडी मुळात इथलीच, हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली. तिची धाकटी बहीण स्वर्णधाराही तिथलीच. पण एक दिवसाचं पिल्लू नर की मादी, हे घेणाऱ्याला ओळखू येत नाही. पाच आणली की त्यांत दोन-तीन कोंबडे निघणं अगदी स्वाभाविक, आणि ते कळतं दोन-तीन महिन्यांनी, तुरा लाल होऊन पहिली घोगरी बांग ऐकू आली की. तोवर घरातल्या पोरांनी त्यांना नावं ठेवलेली असतात. म्हणून जाणते लोक पिल्लं आणतच नाहीत. अडीच-तीन महिन्यांच्या, मादी असल्याची खात्री झालेल्या तलंगा थोडे जास्त पैसे मोजून घेतात. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, तो लागतो फक्त पिल्लांसाठी. निघालाच एखादा, तर नाटी कोळीला, म्हणजे आपल्या गावठी कोंबडीला, या शहरात गिऱ्हाईक नेहमीच असतं. परवाना असलेला चिकनवाला तो जिवंत तोलून घेतो.