मीनाक्षीनं मावशीकडे

मैत्रिणींनो, ‘मीनाक्षी’ आठवते? काचीगुड्याहून राजस्थानात जाणारी मीटरगेज गाडी. हिंगोलीला बसलं की थेट इंदूर! मावशीकडे आम्ही तिनंच जायचो, दशम्या अन् फिरकीचा तांब्या घेऊन.

अकोट सुटलं की पुढं मेळघाटचं सागवान. धूळघाटला रूळ गोल फिरून स्वतःलाच ओलांडायचे. बाया लेकरं उचलून खिडकीशी धरायच्या. काळाकुंडला पळसाच्या पानातला कलाकंद (तो घेतल्याशिवाय कसलं इंदूर!), मग पातालपाणीचा धबधबा. पूर्णा-अकोला २००८ मध्ये ब्रॉडगेज झालं, अकोला-खंडव्याची छोटी गाडी २०१७ च्या जानेवारीत थांबली.

इंदूर तेव्हा गिरण्यांचं गाव. मावशीकडे घड्याळ होतं, पण चूल पेटायची भोंग्यावर. पुढं एकेक गिरणी थंडावली. हुकूमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली, अन् कामगारांच्या देण्यांचा निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये. सुमारे ४,८०० कामगार, २२४ कोटी रुपये. तोवर कितीतरी जण गेले; हक्काचे पैसे घ्यायला मागं त्यांच्या बायका, मुलं उरली. मधली ३२ वर्षं त्या बायांनी घर कशावर चालवलं, त्याचा हिशेब या आकड्यात कुठं आहे?