औषधशोषण चाचण्यांतील सहभागींचे आहार-व्यवस्थापन

प्रस्तावना :
तोंडावाटे घेतलेले औषध किती प्रमाणात व किती वेगाने रक्तात पोहोचते, यास त्या औषधाची जैवउपलब्धता असे म्हणतात. मूळ औषधाऐवजी त्याच घटकाचे स्वस्त जेनेरिक औषध बाजारात आणावयाचे असल्यास दोहोंची जैवउपलब्धता तुल्य असल्याचे, म्हणजेच त्यांची जैवसमतुल्यता, सिद्ध करावी लागते. त्यासाठी बहुधा निरोगी स्वयंसेवकांना दोन्ही औषधे आलटूनपालटून दिली जातात व ठरावीक वेळी त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले जातात. अशा चाचणीत रासायनिक पृथक्करण व संख्याशास्त्रीय विश्लेषण यांना जेवढे महत्त्व आहे, तेवढेच सहभागीच्या ताटालाही आहे. हे ताट मापनाचाच एक भाग कसे ठरते व त्याचे नियोजन कोणत्या तत्त्वांवर करावे लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आहार आणि शोषण :
जेवणानंतर, विशेषतः स्निग्ध जेवणानंतर, जठर रिकामे होण्यास अधिक वेळ लागतो, पित्तरसाचे स्रवण वाढते व आतड्यातील आम्लता बदलते. याचा परिणाम प्रत्येक औषधावर वेगळा होतो. ग्रिसिओफुल्विन हे बुरशीरोधक औषध स्निग्ध आहारासोबत अधिक शोषले जाते. टेट्रासायक्लिन दुधातील कॅल्शियमशी बांधले जाते व त्याचे शोषण घटते. हाडांच्या ठिसूळपणावरील अ‍ॅलेंड्रोनेट नुसत्या कॉफीसोबत घेतले तरी त्याचे शोषण निम्म्याहून अधिक कमी होते. उलटपक्षी, प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील अ‍ॅबिराटेरोन अतिस्निग्ध आहारासोबत घेतल्यास त्याचे शोषण सुमारे दहापट होते. म्हणून ते उपाशीपोटी घेण्यास सांगितले जाते.

जैवसमतुल्यतेसाठी दोन औषधांच्या शोषणाच्या गुणोत्तराचा ९० टक्के विश्वासांतराल ८० ते १२५ टक्के या मर्यादेत असावा लागतो. पहिल्या खेपेस एक आहार व दुसऱ्या खेपेस दुसरा आहार दिला गेला, तर आहारामुळे पडलेला फरक औषधांमधील फरक म्हणून गणला जाण्याचा धोका असतो. त्यातून चांगले स्वस्त औषध नाकारले जाऊ शकते किंवा सदोष औषध रुग्णापर्यंत पोहोचू शकते.

उपाशीपोटी चाचणी :
या प्रकारात सहभागी आदल्या रात्री केंद्रात दाखल होतात. रात्रीच्या जेवणानंतर किमान १० तास उपवास, त्यानंतर ठरावीक प्रमाणात, बहुधा २४० मिलिलिटर, पाण्यासोबत औषध आणि पुढील ४ तास अन्नवर्ज्य, असा सर्वसाधारण क्रम असतो. औषधापूर्वी व औषधानंतर प्रत्येकी एक तास इतर पाणी दिले जात नाही. सहभागींना औषध एकाच वेळी न देता काही मिनिटांच्या अंतराने दिले जात असल्याने प्रत्येकाच्या जेवणाची वेळ त्याच्या स्वतःच्या मात्रेपासून मोजावी लागते. सर्वांना एकाच पंगतीत बसवून चालत नाही. ग्रेपफ्रूट, मद्य, तंबाखू व चहा-कॉफीसारखी पेये चाचणीपूर्वी ठरावीक काळ वर्ज्य असतात.

मधुमेहावरील रक्तशर्करा घटविणाऱ्या औषधांच्या बाबतीत निरोगी व्यक्तीस दीर्घ उपवास घातक ठरू शकतो. म्हणून अशा काही चाचण्यांत औषध २० टक्के ग्लुकोजच्या द्रावणासोबत दिले जाते व पुढील ४ तासांपर्यंत दर १५ मिनिटांनी ६० मिलिलिटर द्रावण पाजले जाते.

आहारोत्तर चाचणी :
अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत ८०० ते १००० किलोकॅलरींची न्याहारी सुचविली होती. तीत प्रथिनांपासून सुमारे १५०, कर्बोदकांपासून २५० व स्निग्धांशापासून ५०० ते ६०० किलोकॅलरी अपेक्षित होत्या. लोण्यात तळलेली दोन अंडी, बेकनच्या दोन पट्ट्या, लोणी लावलेले दोन टोस्ट, तळलेला बटाटा व पेलाभर मलईयुक्त दूध, असा नमुनाही त्यात होता. ही न्याहारी औषधापूर्वी ३० मिनिटे सुरू करून तेवढ्याच वेळात संपवावयाची असते. एका ग्रॅम स्निग्धांशापासून ९ किलोकॅलरी मिळतात, हे लक्षात घेता एका बैठकीत ५५ ते ६५ ग्रॅम स्निग्धांश खावा लागतो. अनेकांना तो जड जातो.

भारतीय संदर्भ :
हा नमुना भारतात जसाच्या तसा वापरता येत नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांनीही देशातील सांस्कृतिक विविधता पाहता एकच प्रमाणित न्याहारी सुचविणे शक्य नसल्याचे मान्य केले. शाकाहारी सहभागींसाठी अंडी व बेकनऐवजी पनीर, लोणी किंवा तळलेले पदार्थ योजता येतात. तथापि केवळ कॅलरी जुळविणे पुरेसे नाही. पनीर वाढविल्यास कॅल्शियमही वाढते व टेट्रासायक्लिनसारख्या औषधाच्या चाचणीत तेच अडचणीचे ठरते. म्हणून आहारतज्ज्ञ व औषधशास्त्रज्ञ यांनी पाककृती, वजन व घटक एकत्रितपणे ठरवून ते दोन्ही खेपांत समान ठेवणे आवश्यक आहे.

धार्मिक आचारांचाही विचार करावा लागतो. अनेक जैन व्यक्ती कंदमुळे खात नाहीत व सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. सकाळी आठ वाजता औषध घेतलेल्या व्यक्तीचे रात्रीचे जेवण नऊ वाजता ठेवल्यास ती उपाशी राहील. एकादशी, चतुर्थी वा रमजानचे रोजे चाचणीच्या दिवशी येतात काय, हे तारखा ठरवितानाच पाहणे इष्ट होय.

नोंदी आणि नैतिकता :
प्रत्येक जेवणाची सुरुवात, शेवट व ताटात उरलेले अन्न यांची नोंद त्याच वेळी करावी लागते. न्याहारी अपूर्ण राहिल्यास औषध द्यावयाचे की नाही, तसेच उलटी झाल्यास ती माहिती विश्लेषणात घ्यावयाची की नाही, याचे निकष चाचणी आराखड्यात आधीच लिहिलेले असावेत. निकाल हाती आल्यावर असे निर्णय घेणे पक्षपातास वाव देते.

सहभागीस मानधन मिळत असल्याने ते हुकेल या भीतीने तो आपली अडचण लपविण्याची शक्यता असते. न मानवणारा पदार्थ तो मुकाट्याने गिळेल किंवा नजर चुकवून टाकून देईल. दोन्ही प्रसंगी आकडे विश्वासार्ह राहत नाहीत. यास्तव संमतिपत्रात उपवासाचा काळ व न्याहारीतील पदार्थ सहभागीच्या भाषेत स्पष्टपणे नमूद करावेत. ताट संपविण्याची सक्ती करता येत नाही, तसेच चाचणीतून बाहेर पडण्याचा सहभागीचा हक्क कायम असतो, हेही त्यास सांगितले पाहिजे.

समारोप :
औषधशोषण चाचणीतील आहार ही केवळ पाहुणचाराची बाब नसून शास्त्रीय नियंत्रणाची बाब आहे. ज्या ताटाचे घटक, वेळ व प्रमाण निश्चित आहे आणि जे सहभागीने समजून-उमजून स्वीकारले आहे, त्याच ताटावरून आलेले निष्कर्ष ग्राह्य ठरतात. स्वस्त जेनेरिक औषधांवर विसंबून असलेल्या रुग्णांचे हित अशा काटेकोर व माणुसकीच्या नियोजनातच सामावलेले आहे.