ओट्यावरची भाकरी

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी एक म्हण आपल्याकडे आहे. ज्याने ती प्रथम उच्चारली तो गृहस्थ शेपटापुरता बरोबर होता. शेपटाचा बाक हाडामांसाचा असतो, तो कुणी शिकवून आलेला नसतो. परंतु आपण ही म्हण शेपटासाठी वापरतच नाही; वापरतो ती स्वभावासाठी. ओट्यावरची भाकरी कुत्र्याने पळवली की घरातील वडीलधारी मंडळी हटकून ती उच्चारतात, आणि तेवढ्याने त्या मुक्या प्राण्याच्या नशिबाचा निकाल लागल्यासारखाच होतो. आधी लाटणे, मग साखळी, आणि एके दिवशी कुणाच्या तरी शेतावर किंवा गावाबाहेरच्या नाक्यावर रवानगी. ही रवानगी टळण्याजोगी असते. कारण चोरी हे कुत्र्याने घेतलेले शिक्षण आहे, ते आपल्याच स्वयंपाकघरात आणि आपल्याच खर्चाने झालेले असते, आणि जे शिकता येते त्याच्या जागी दुसरे काही शिकवताही येते.

पूर्वी घरात चूल जमिनीवर होती, पंगती पाटावर बसत. म्हणजे अन्न कुत्र्याच्या तोंडाच्या आजच्यापेक्षा जवळच होते. परंतु कुत्रा उंबरठ्याच्या बाहेर होता. दूधदुभते शिंकाळ्यात टांगलेले, भाकऱ्या टोपलीखाली झाकलेल्या व टोपलीवर वरवंटा ठेवलेला, उरलेसुरले फडताळात किंवा जाळीच्या कपाटात. शिंकाळ्याची योजना मुख्यतः मांजर आणि उंदीर यांच्यासाठी, पण तिचा धाक सर्वांनाच. पुढे उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा आला, सदनिका आल्या, आणि कुत्रा घरात आला. आता तो पलंगाखाली निजतो, दूरदर्शनसमोर बसतो आणि कुकरची शिट्टी झाली की सर्वांच्या आधी स्वयंपाकघरात हजर होतो. ओटा असतो पावणेतीन फुटांच्या आसपास. लॅब्रडॉर मागच्या पायांवर उभा राहिला की त्याला तो सहज पुरतो. आपल्याकडचा कारवान जातीचा शिकारी कुत्रा तर खांद्यापाशीच दोन फुटांहून उंच, त्याला नुसती मान लांब केली तरी पुष्कळ होते. आणि शिंकाळे मात्र आपण कधीच मोडीत काढले आहे.

कुत्रा भाकरीकडे वळतो यात नवल नाही. माणसाच्या वस्तीभोवतीचे उष्टेखरकटे खाऊनच हा प्राणी माणसाळत गेला, असे मानणारा अभ्यासकांचा एक मोठा वर्ग आहे. 2013 मध्ये स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्टमय अन्न पचवण्यास लागणारे पाचकद्रव्य तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या. कुत्र्यात त्या कितीतरी अधिक निघाल्या. ज्वारीची भाकरी समोर पाहून लांडगा कदाचित तोंड फिरवील, पण कुत्रा ती सोडणार नाही. म्हणून भूक हा मुद्दा आपण मान्यच करून टाकू. विचार करायचा तो ओट्याचा.

मानसशास्त्र हा विषय घेतलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना थॉर्नडाइकची कोडे-पेटी पाठ असते. 1898 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगांत मांजर एका लाकडी पेटीत कोंडलेले असे, बाहेर अन्न. मांजर ओरबाडते, चावते, अंग घुसळते, आणि या धडपडीत केव्हातरी खटका दाबला जाऊन दार उघडते. पुढील खेपांना हा वेळ कमी कमी होत जातो. ज्या कृतीचा परिणाम सुखद ती कृती पक्की होते, हा 'परिणामाचा नियम' त्यातूनच पुढे आला. (थॉर्नडाइकने कुत्रीही पेटीत घातली होती, पण क्रमिक पुस्तकांत मान मिळाला तो मांजरालाच.) आता ओट्याकडे पहा. कुत्रा प्रथम वासाने उठतो, पाय टेकवतो, नाक फिरवतो. काही मिळाले नाही तर खाली उतरतो. परंतु एखाद्या दिवशी कडेला पोळीचा तुकडा असतो. बस्स, खटका दाबला गेला, दार उघडले! शिक्षक नाही, फळा नाही, आणि विद्यार्थी उत्तीर्ण.

येथे गृहिणी हमखास म्हणतात, "पण आम्ही रोज काही ठेवत नाही हो, एखाद्या वेळीच विसरतो." हे 'एखाद्या वेळी'च सारा घात करते. स्किनर हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करीत असता अन्नाच्या गोळ्या स्वतःच हाताने बनवीत असे. एका शनिवारी गोळ्या पुरणार नाहीत असे दिसल्यावर त्याने उंदराच्या प्रत्येक कृतीला गोळी देणे थांबवले आणि मिनिटाला एकच देण्याचे ठरवले. काटकसरीतून निघालेल्या या युक्तीचा पुढे मोठा सिद्धान्त झाला. प्रत्येक वेळी बक्षीस मिळत असलेला प्राणी बक्षीस बंद होताच लवकर नाद सोडतो. अधूनमधून मिळत असलेला मात्र चिवटपणे प्रयत्न करीत राहतो. यालाच आपण खंडित प्रबलन म्हणतो. लॉटरीची तिकिटे विकली जातात ती याच आधारावर. दहा वेळा ओटा कोरडा आणि अकराव्या वेळी पुरणपोळी, असा अनुभव आलेला कुत्रा बाराव्या, विसाव्या, तिसाव्या वेळीही पाय टेकून पाहणारच. तो निर्लज्ज नाही, आशावादी आहे.

मग मार का नको? आपल्या समाजात मारावर श्रद्धा फार. छडी लागे छमछम या न्यायाने शिकलेल्या पिढ्यांना त्यात वावगेही वाटत नाही. परंतु कुत्रा या मारातून नेमके काय शिकतो हे पाहण्यासारखे आहे. 2003 मध्ये जर्मनीतील लाइपझिगच्या संशोधकांनी कुत्र्यांना समोरचे अन्न खाण्यास मनाई केली आणि मनाई करणारा माणूस कधी डोळे उघडे ठेवून, कधी मिटून, कधी पाठ फिरवून बसला. डोळे उघडे असता कुत्री बरीच सांभाळून वागली. नजर हटली की चोऱ्या वाढल्या. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात अन्नावर उजेड नसताना ती अधिक धीट झालेली दिसली. म्हणजे 'ओट्यावरचे घेऊ नये' हा धडा लाटण्याने शिकवला जातच नाही. शिकवला जातो तो 'बाई उभ्या असताना घेऊ नये' हा. आणि ही परीक्षा पास होणे कुत्र्याला मुळीच अवघड नाही; आपण दाराची बेल वाजली म्हणून वळलो की झाले.

तासाभराने मार देणे तर त्याहून निरर्थक. आपण रिकामे ताट पाहतो, कुत्र्याला बोलावतो, तो कान पाडून, शेपूट आत घेऊन, तिरक्या डोळ्यांनी येतो, आणि आपण म्हणतो, "पाहा, याला सगळे कळते!" न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये हा 'अपराधी चेहरा' तपासला. मालक खोलीबाहेर असता कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही याविषयी मालकाला कधी खरे, कधी खोटे सांगण्यात आले. तो चेहरा अपराधाशी जुळला नाही. तो जुळला मालकाच्या रागावण्याशी. एवढेच नव्हे, तर खाऊ न खाताच बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांत तो अधिक ठळक उमटला. आपल्या महाभारताच्या आदिपर्वात जवळजवळ हेच प्रकरण आले आहे, हे पुष्कळांना आठवत नसेल. जनमेजयाच्या सत्रात सरमेचा मुलगा, म्हणजे एक कुत्रा, येतो. राजाचे भाऊ त्याला मारतात. तो रडत आईकडे जातो आणि सांगतो की मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, चाटलेही नाही. सरमा राजसभेत येऊन जाब विचारते, उत्तर मिळत नाही, आणि ती राजाला शाप देते. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभी एका निरपराध कुत्र्याला बसलेला मार यावा, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.

आता करायचे काय? पहिले काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते कुणी करीत नाही: ओट्याने द्यायचे बंद करावे. किमान काही आठवडे ओट्यावर कुत्र्याला पोचेल असे अन्न क्षणभरही उघडे राहू नये. कणकेचा गोळा डब्यात, पोळ्या घट्ट झाकणात, खरकटी ताटे थेट मोरीत आणि मोरीवर नजर. स्वयंपाकघराला गुडघ्याच्या वर येईल असे जाळीचे अर्धे दार बसवता आले तर अर्धी लढाई तेथेच जिंकली. यातला खरा अडसर कुत्रा नसतो. प्रत्येक घरात एक फितूर असतो. बहुधा आजी, कधी धाकटा मुलगा. पोळी लाटता लाटता एक तुकडा ओट्यावरून खाली जातो, "जाऊ दे गं, मुका जीव आहे." त्या एका तुकड्याने आठवड्याची मेहनत पाण्यात जाते. आजीचा जीव मोडू नये. तिने तुकडा जरूर द्यावा, पण तो ओट्यापाशी नव्हे, कुत्र्याच्या जागेवर जाऊन द्यावा.

ही 'जागा' हेच दुसरे काम. स्वयंपाकघराच्या दाराशी एखादे गोणपाट किंवा जुनी सतरंजी टाकावी. कुत्रा आपसूक तिच्यावर गेला की लगेच त्याच्या नेहमीच्या खाण्यातलाच बोटभर तुकडा तेथे, जमिनीवर ठेवावा. बसला की आणखी एक. भाजी चिरताना दर अर्ध्या मिनिटाला, मग मिनिटाने, मग पाच मिनिटांनी. कुत्र्याचा हिशेब साधा आहे. ओटा देत नाही, सतरंजी देते. तर मुक्काम सतरंजीवर. पोटभर बक्षिसे देण्याची गरज नाही. रोजच्या खाण्यातून तेवढे वजा करावे.

तिसरे, 'राहू दे' हा शब्द. मुठीत तुकडा धरून ती कुत्र्यासमोर न्यावी. तो हुंगेल, चाटेल, पंजा मारील. मूठ उघडायची नाही, ओरडायचेही नाही. कंटाळून त्याने तोंड क्षणभर मागे घेतले की त्याच क्षणी दुसऱ्या हाताने दुसरा तुकडा द्यावा. काही खेपांनंतर तो मूठ पाहूनच मागे सरतो. तेव्हा शब्द जोडावा. मग तुकडा जमिनीवर हाताखाली, मग उघडा, मग पाटावर, आणि शेवटी ओट्याच्या कडेला. दिवसातून दोनतीन वेळा पाचपाच मिनिटे पुरतात.

या काळात एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. प्रबलन बंद झाले की वर्तन विझत जाते, परंतु विझण्यापूर्वी ते एकदा भडकते. कालपर्यंत दोनदा पाय टेकणारा कुत्रा आज दहादा टेकील, भुंकेल, डब्याची झाकणे उडवील. घरची मंडळी नेमकी याच दिवशी "याने काही होत नाही" म्हणून हार खातात. आणि तेव्हाच एखादा तुकडा त्याच्या तोंडी गेला, तर अधिक जोर लावल्यास मिळते, एवढे तो पक्के शिकून बसतो.

तोंडात घेऊन पळालाच तर पाठलाग करू नये. नामदेव महाराजांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो: कुत्र्याने पोळी पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. त्यामागचा भाव थोर आहे आणि तो तसाच राहावा. मात्र सामान्य प्रापंचिकाने मागे धावले की कुत्र्याला तो खेळ वाटतो, आणि कोपऱ्यात गाठून जबड्यातून ओढून घेतले तर तो पुढच्या वेळी गुरगुरतो, त्यापुढच्या वेळी चावतो. त्याहून सरस वस्तू दाखवावी आणि अदलाबदल करावी.

चोरी केवळ नुकसानीची नाही. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. शिजवले म्हणून तो गुण जात नाही. द्राक्षे, मनुका व बेदाणे यांनी कित्येक कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. 2021 मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यांनी त्यामागे टार्टारिक आम्ल असावे असे सुचवले. हे आम्ल चिंचेतही भरपूर असते, तेव्हा आमटीच्या पातेल्यालाही झाकण हवे. चॉकलेट आणि शिजवलेली कोंबडीची हाडे यांचा धोका वेगळाच. असे काही पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.

आधी न चोरणारा प्रौढ कुत्रा एकाएकी हावरा झाला तर शिकवणी बाजूला ठेवून प्रथम त्याला तपासून घ्यावे. जंत, मधुमेह, कधी दुसऱ्या आजारासाठी चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, यांनीही भूक चाळवते. लॅब्रडॉरची गोष्ट आणखी निराळी. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना या जातीतील सुमारे चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गहाळ आढळला. त्यांचे पोट भरते, मन भरत नाही. गंमत अशी की, अपंगांच्या मदतीसाठी तयार केलेल्या लॅब्रडॉर कुत्र्यांत हे प्रमाण फारच जास्त निघाले. खाण्यासाठी जो वाटेल ते करायला तयार, तो शिकतोही झटपट.

राहता राहिले सणावाराचे दिवस. गौरीजेवणाला सोळा भाज्या ओट्यावर, पाहुणे दारात आणि पोरे पायात, अशा वेळी कुत्र्याची परीक्षा घेऊ नये. त्याला आधी लांब फिरवून आणावे, पोटभर खाऊ घालावे, आणि दुसऱ्या खोलीत त्याच्या त्या सतरंजीसह, चघळायला एखादे मोठे गाजर देऊन ठेवावे. पंगत उठली, ताटे धुतली गेली आणि ओटा पुसून कोरडा झाला की मग दार उघडावे.