कातरणीतून कमाई : घडीची गोधडी

यवतमाळ जिल्हा कापसाचा, आणि कापसामागे कापड, शिलाई व पिंजण हे धंदे आलेच. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड या गावांत आपले अनेक बांधव कापड विकतात, शिवतात किंवा गाद्या-रजया भरतात. फोमच्या गाद्या आल्यापासून पिंजारी बांधवांचे काम घटले आणि तयार कपड्यांनी शिंप्याचे गिऱ्हाईक नेले. अशा वेळी दुकानातली कातरण वजनावर देऊन टाकणे परवडणारे नाही. तिचा चांगला उपयोग म्हणजे घडीची गोधडी.

गोधडी आपल्याकडे घरोघरी शिवली जाते. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर ठेवून धावदोरा घालायचा, ही तिची साधी रीत. घडीच्या कामात प्रत्येक तुकडा दुमडून त्याचा समोशासारखा त्रिकोण करतात आणि असे त्रिकोण काठाला ओळीने बसवतात. कच्ची कड शिलाईत दडते, म्हणून धुतल्यावर सूत सुटत नाही.

हा हुन्नर परदेशातून आणावा लागत नाही. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज राहतो. त्यात मुस्लिम, ख्रिस्ती व हिंदू असे तिन्ही आहेत. तेथील स्त्रिया जुन्या कपड्यांची ‘कवंद’ शिवतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने फिरत त्या मध्यापर्यंत येतात आणि कोपऱ्यांना घडीच्या त्रिकोणांची ‘फुले’ लावतात. फुलांवाचून कवंद त्यांना अपुरी वाटते. या कवंदी अमेरिकेतील प्रदर्शनांतही मांडल्या गेल्या आहेत.

आता शिकण्याची रीत पाहू. कापड सुतीच घ्यावे. पॉपलीन किंवा केंब्रिक उत्तम. टेरिकॉटवर घडी टिकत नाही आणि डेनिमचे चार थर झाले की सुई मोडते. कापड आधी धुऊन घ्यावे, म्हणजे आकसणे आणि रंग जाणे दोन्ही आधीच कळते. मग पुठ्ठ्याचा साचा ठेवून चार इंचांचे चौकोन कापावेत. चौकोन कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरपा दुमडावा, इस्त्री करावी. पुन्हा मधोमध दुमडावा, पुन्हा इस्त्री करावी. चार इंच पायाचा व दोन इंच उंचीचा त्रिकोण तयार होतो. त्याची एक बाजू बंद असते, दुसऱ्या बाजूला तोंड उघडे असते. एकाची बंद बाजू दुसऱ्याच्या तोंडात निम्मी सरकवत ओळ लावावी.

ही ओळ गोधडीच्या वरच्या कापडावर, सुलट बाजूस, टोके आत करून ठेवावी व पाव इंचावर शिलाई मारावी. कड उलटवली की टोके बाहेर येतात. मग आतले थर घालून अस्तर हाताने टिपावे आणि शेवटी धावदोरा घालावा. कोपऱ्यावर दोन त्रिकोण शेजारी ठेवावेत, एकमेकांत घालू नयेत. नाहीतर गाठ येते.

हिशेब असा. साठ बाय नव्वद इंचांच्या गोधडीचा काठ 300 इंच. दर दोन इंचांना एक, म्हणजे 150 त्रिकोण लागतात. छत्तीस इंच पन्ह्याचे कापड थानातून घेतले तर सुमारे पावणेदोन मीटर होते. कातरणीतून घेतले तर जवळजवळ फुकट पडते. म्हणजे या मालात कापडाची किंमत थोडी आणि हाताची जास्त.

येथेच बहुतेक जण फसतात. घरी बसून शिवणाऱ्या बायकांना गोधडीमागे ठोक मजुरी दिली जाते, मग ती साधी असो की घडीची. साध्याच्याच दरात घडीचे काम मागितले तर दुसऱ्या खेपेला घड्या वाकड्या येतात आणि गिऱ्हाईक जाते. म्हणून घड्याळ लावून वीस त्रिकोण करून घ्यावेत व लागलेल्या वेळेला साडेसातने गुणावे. कापणी, जोडणी व धावदोऱ्याचा वेळ वेगळा धरावा. त्यावर मजुरी ठरवावी आणि मगच विक्रीचा दर सांगावा.

शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी मोठी गोधडी हाती घेऊ नये. उशीच्या एका खोळीला चारही बाजूंनी त्रिकोण लावावेत. टोके एका रेषेत आली, की हात बसला असे समजावे.