डोंगराळ भागात विनाशुल्क दूरचित्रवाणी : सुरगाणा तालुक्यातील शेतकऱ्यांसाठी काही सूचना

सुरगाणा हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, गुजरातच्या सीमेस लागून असलेला डोंगराळ तालुका होय. भात, नागली, वरई आणि खुरासणी ही येथील शेतकऱ्यांची परंपरागत पिके. वस्ती पाड्यापाड्यांतून विखुरलेली, पाऊस भरपूर आणि वाटा चढउताराच्या. ऐन आवणीच्या दिवसांत प्रत्येक पाड्यावर कृषी कार्यकर्ता जातीने पोहोचेल, हे शक्य नसते. अशा ठिकाणी शेतीची माहिती डोळ्यांना दाखविणारे साधन घरात असेल, आणि त्याला दरमहा वर्गणी लागत नसेल, तर त्याचा उपयोग करून घेणे अगत्याचे आहे.

जुना अँटेना निरुपयोगी का झाला?

मुंबई येथील दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे राज्यात ठिकठिकाणी प्रक्षेपण मनोरे उभे राहिले, आणि घरांवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे अँटेने दिसू लागले. परंतु मनोऱ्यावरून येणाऱ्या या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. मनोरा आणि घर यांच्यामध्ये डोंगर आला की चित्र पुसट होते किंवा मुळीच येत नाही. दरीत वसलेल्या पाड्यावर वेळूच्या उंच काठीला अँटेना बांधूनही ही अडचण पुरती दूर होत नसे.

पुढे दूरदर्शनने हे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने आवरते घेतले. २०२२ पर्यंत मोजकी सामरिक ठिकाणे वगळता ते देशभर बंद झाले. त्यामुळे जुना दांड्यांचा अँटेना दुरुस्त करण्यावर आता खर्च करू नये.

त्याची जागा ‘डीडी फ्री डिश’ या सेवेने घेतली आहे. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. तबकडी, तिच्यापुढील एलएनबी, केबल आणि सेट-टॉप बॉक्स यांचा खर्च एकदाच करावा लागतो; मासिक वर्गणी नसते. २६ मे २०१५ रोजी सुरू झालेली ‘डीडी किसान’ ही शेतकऱ्यांसाठीची वाहिनी आणि मराठी ‘डीडी सह्याद्री’ या दोन्ही वाहिन्या तीवर दिसतात.

तबकडी कोणत्या दिशेस लावावी?

या सेवेचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे. सुरगाण्याहून पाहता तो जवळजवळ नेमका आग्नेय दिशेस आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर येतो. म्हणजे क्षितिजापासून माथ्यावरील बिंदूपर्यंतच्या अंतराचे तीन भाग केल्यास दोन भागांहून किंचित खाली. डोंगराळ मुलुखास ही गोष्ट फार सोयीची आहे. मनोऱ्याच्या लहरी डोंगराआड अडत. उपग्रहाच्या लहरी डोंगराच्या डोक्यावरून उतरतात.

दिशा ठरविण्यासाठी रात्री ध्रुवताऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. समोर दक्षिण आणि डाव्या हातास पूर्व येते. दोहोंच्या मधोमध आग्नेय. त्या बाजूस खूण करून ठेवावी आणि दिवसा तबकडी बसवावी. नेहमीच्या घरगुती तबकडीचा तोंडवळा दिसावयास क्षितिजाकडे अधिक झुकलेला असतो. तो वाकडा बसला आहे असे समजून वर उचलू नये. सेट-टॉप बॉक्सच्या पडद्यावरील संकेतपट्टी पाहत थोडे थोडे हलवून पक्के करावे.

समोरील झाडाचा अंदाजही घेता येतो. तबकडीहून दहा मीटर वर गेलेले झाड सात मीटरांपलीकडे असेल, तर ते आड येत नाही. त्याहून जवळचे असल्यास झाड तोडण्यापेक्षा तबकडीची जागा बदलावी.

चित्र मधेच गेल्यास

जोराच्या पावसात चित्र तुटते. उपग्रहाच्या लहरी पावसाच्या दाट सरीत क्षीण होतात, हे त्याचे कारण. सर ओसरली की चित्र आपोआप परत येते. अशा वेळी तबकडी हलवू नये. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास काही दिवस सकाळी अकराच्या आगेमागे थोडी मिनिटे चित्र जाते. त्या वेळी सूर्य उपग्रहाच्या नेमका पाठीमागे आलेला असतो. हाही बिघाड नव्हे. विजा कडाडू लागल्यास मात्र कार्यक्रमाचा मोह सोडून केबल आणि विजेची जोडणी आधीच काढून ठेवावी.

कार्यक्रम साठवून ठेवणे

कार्यक्रमाची वेळ आणि शेतकऱ्याच्या सवडीची वेळ क्वचितच जुळते. दिवसा माणसे शेतात असतात, आणि भात-नागली उरकल्यावर अनेक कुटुंबे दिंडोरी, निफाडकडील द्राक्षबागांत मजुरीस जातात. यासाठी बाजूस पेन ड्राइव्ह लावण्याची आणि कार्यक्रम साठविण्याची सोय असलेला सेट-टॉप बॉक्स घ्यावा. विकत घेताना ती सोय दुकानात चालवून पाहावी.

एक तासाच्या साध्या चित्रणास साधारणतः एक ते दोन गिगाबाइट जागा लागते. वेळ आधी लावून ठेवता येते. परंतु त्या वेळी वीज असावी लागते आणि बॉक्स त्याच वाहिनीवर राहू द्यावा लागतो. काही बॉक्सवर साठविलेले चित्रण दुसऱ्या यंत्रावर चालत नाही. म्हणून पाड्यावर नेण्यापूर्वी तपासून पाहावे.

काय साठवावे, काय साठवू नये?

बियाणे राखून ठेवावे, शिळी भाकर राखू नये. हवामानाचा इशारा आणि कीडरोगाची ताजी सूचना ही त्या त्या दिवसापुरतीच खरी असते. मागील आठवड्याचा अंदाज पाहून फवारणी केल्यास औषधही वाया जाते आणि मजुरीही. असे कार्यक्रम त्याच दिवशी पाहावेत आणि पुसून टाकावेत.

कृती शिकविणारे चित्रण मात्र जपून ठेवावे. भाताचे बी तीन टक्के मिठाच्या द्रावणात, म्हणजे दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून, बुडवावे. तरंगणारे पोचट बी काढून तळाचे बी दोनतीनदा स्वच्छ पाण्याने धुवावे व सावलीत वाळवावे, हे वाचून कळते. पण पाहिल्यावर हाताला येते. चारसूत्री पद्धतीत १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आळीपाळीच्या अंतराने आवणी करून चार चुडांच्या मधोमध खताची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावयाची असते. ही कृती आवणीच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा दाखविल्यास तिचा खरा उपयोग होतो.

एकट्याने नव्हे, मंडळाने

या बाबतीत आपल्याच राज्याचा अनुभव मार्गदर्शक आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. नाशिक हा त्यांपैकी एक जिल्हा होता. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात पुष्कळच अधिक भर पडली, असे पाहणीत दिसून आले. यंत्र तेच होते. फरक चर्चेने पडला.

ग्रामकार्यकर्त्यांनी हाच मार्ग धरावा. प्रत्येक पाड्यावर निदान एक संच सर्वांना खुला असावा आणि तो चालविणे गावातील दोघांतिघांना, त्यांत एखाद्या भगिनीस, शिकवावे. कार्यक्रम मध्येच थांबवून ‘आपल्या जमिनीत हे कसे करावयाचे?’ असे विचारावे. पडद्यावरील भाषा अवघड वाटल्यास कोकणी बोलीत समजावून सांगावे. उत्तर न सापडलेल्या शंका वहीत टिपून तालुका कृषी कार्यालयाकडे न्याव्यात आणि पुढील बैठकीत त्यांची उत्तरे सांगावीत. येत्या हंगामात राब भाजण्यापूर्वी तबकडी लागली, तर आवणीपर्यंत मंडळाच्या चारदोन बैठका सहज होतील.