पोर्टेबल एसी गार हवा देईना? ‘रिसेट’ करण्याआधी यंत्र का थांबले ते पाहा

पंखा फिरतो आहे, पडद्यावर १८ अंश दिसत आहेत, पण समोर हात धरला तर हवा खोलीसारखीच. ऐन उकाड्यात पोर्टेबल एसीने असा दगा दिला की तंत्रज्ञ लगेच मिळत नाही. घरात तान्हे बाळ किंवा आजारी ज्येष्ठ असतील तर दोन रात्री काढणेही कठीण. त्यामुळे पहिला उपाय होतो तो रिसेटचा. प्लग काढायचा, पुन्हा लावायचा. कधी तो लागू पडतो. मात्र अनेकदा एसी बिघडलेला नसतो, स्वतःला वाचवण्यासाठी थांबलेला असतो. थांबण्याचे कारण तसेच ठेवून त्याला पुन्हा पुन्हा सुरू केले, तर कॉम्प्रेसरचे आणि काही वेळा घरातल्या वायरिंगचेही नुकसान होते.

भिंतीला भोक पाडायला घरमालक तयार नाही, दर्शनी बाजूला आउटडोअर युनिट लावायला सोसायटीची परवानगी नाही आणि ११ महिन्यांचा करार संपला की बिऱ्हाड हलवावे लागणार, अशा भाडेकरूंसाठी चाकांवरचा हा एसी सोयीचा ठरतो. पण आधी आपल्याकडे आहे तो एसीच आहे ना, याची खात्री करावी. ‘मिनी पोर्टेबल एसी’ म्हणून ऑनलाइन हजार-दोन हजार रुपयांत मिळणाऱ्या, पाणी किंवा बर्फ घालून यूएसबीवर चालणाऱ्या डब्यांत कॉम्प्रेसर नसतो. तो छोटा कूलर आहे. गरम हवा बाहेर टाकणारा जाड पाइप नसेल, तर कोणत्याही रिसेटने तो खोली गार करणार नाही.

रिसेट म्हणजे नेमके काय?

एसीमधला छोटा सर्किट बोर्ड खोलीचे तापमान, कॉइलचे तापमान आणि पाण्याची पातळी पाहून कॉम्प्रेसर चालू-बंद करतो. वीज एकदम गेली-आली किंवा व्होल्टेज खाली-वर झाले की हा बोर्ड कधी कधी अडकतो. बटणे दाबली तरी प्रतिसाद येत नाही, पडद्यावर अर्धवट आकडे दिसतात. रिसेट केल्याने बोर्ड पहिल्यापासून काम सुरू करतो. बस, एवढेच. जळमटलेली जाळी, भरलेली टाकी किंवा मुडपलेला पाइप रिसेटने सुधारत नाही.

यूट्यूबवरच्या अनेक व्हिडिओंत प्लगवरचेच ‘रिसेट’ बटण दाबायला सांगतात. ते अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या यंत्रांचे आहे. तिथे खोलीतल्या एसीच्या वायरीला गळती ओळखणारा सुरक्षा प्लग असतो आणि त्यावर ‘टेस्ट’ व ‘रिसेट’ अशी दोन बटणे असतात. आपल्याकडच्या साध्या तीन पिनांच्या प्लगवर ते शोधून सापडणार नाही.

रिसेट कसे करावे?

रिमोटने एसी बंद करा. भिंतीवरचा स्विच बंद करून प्लग काढा आणि किमान ५ ते १० मिनिटे तसाच राहू द्या. बोर्डवरच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला वेळ लागतो. दोन सेकंदांत प्लग काढून परत खुपसला तर बोर्डला वीज गेल्याचे कळतही नाही. याच वेळात पाणी आणि जाळ्या तपासून घ्याव्यात. मग प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावून ‘कूल’ मोड निवडा, पंखा जास्तीत जास्त वेगावर ठेवा आणि तापमान खोलीपेक्षा पाच-सहा अंश कमी करा.

आता थांबायचे. इथेच बहुतेकांची घाई होते. सुरुवातीला साधारण तीन मिनिटे नुसता पंखा चालतो, कॉम्प्रेसर लागत नाही. हा बिघाड नाही. एसी बंद पडताना नळ्यांमध्ये एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दाब असतो. तो सारखा होण्याआधीच कॉम्प्रेसर सुरू करायला गेले, तर मोटार भाराखाली अडते आणि नेहमीच्या कित्येक पट वीज खेचते. म्हणून बोर्ड मुद्दाम उशीर करतो. ‘अजून गार येत नाही’ म्हणून दर मिनिटाला एसी बंद-चालू करणारा माणूस ती तीन मिनिटे प्रत्येक वेळी नव्याने मोजायला लावतो.

थोड्या वेळाने ‘टक्’ असा आवाज येऊन खालून जड घरघर सुरू झाली आणि मागचा पाइप तापू लागला, की कॉम्प्रेसर लागला असे समजावे.

दोष रिमोटच्या सेटिंगमध्ये तर नाही?

मोड ‘फॅन’वर असेल तर कॉम्प्रेसर लागणारच नाही. ‘ड्राय’मध्ये हवेतला दमटपणा काढण्यावर भर असतो, तापमान हवे तसे उतरत नाही. पडद्यावर अचानक ७७ दिसू लागले तर घाबरू नये. ते फॅरनहाइट आहे, म्हणजे २५ अंश सेल्सिअस. बऱ्याच यंत्रांत वर-खालीची दोन्ही बटणे एकदम दाबली की एकक बदलते. लहान मुलांच्या हाती रिमोट असलेल्या घरांत हे हमखास घडते. कुलपाचे चिन्ह दिसत असेल तर चाइल्ड लॉक लागले आहे. ते काढण्याची पद्धत माहितीपुस्तिकेत दिलेली असते, बहुधा एखादे बटण काही सेकंद दाबून धरायचे असते.

आणखी एक गंमत. काही रिमोटमध्येच तापमान मोजण्याची सोय असते आणि एसी त्या आकड्यावर चालतो. हा पर्याय चालू असताना रिमोट गार हवेच्या झोतात पडला असेल, तर खोली गार झाली असे समजून कॉम्प्रेसर बंद होतो. खिडकीच्या उन्हात राहिला तर तो थांबतच नाही.

मोबाइल ॲपवर चालणारा एसी राउटर किंवा त्याचा पासवर्ड बदलल्यावर गप्प होतो. तिथे फक्त वायफायची जोडणी नव्याने करायची असते. यातली बरीच यंत्रे २.४ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कलाच जोडली जातात.

पाणी भरले की एसी का थांबतो?

हवा गार होताना तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते. स्प्लिट एसीत ते नळीने बाहेर जाते. पोर्टेबल एसीत ते तळाच्या टाकीत साठते. बरीच यंत्रे हे पाणी मागच्या गरम कॉइलवर उडवतात, त्याची वाफ होऊन ती पाइपातून बाहेर पडते. एप्रिल-मेमधल्या नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत त्यामुळे टाकी सहसा भरत नाही. मुंबई, ठाणे, कोकण किंवा गोव्यात मात्र हवेत बाष्पच इतके असते की सगळे पाणी उडवणे यंत्राला जमत नाही. टाकी भरली की तरंगणारा छोटा फ्लोट वर येतो आणि बोर्ड कॉम्प्रेसर थांबवतो. पडद्यावर कंपनीनुसार ‘पी१’, ‘एफएल’ किंवा ‘एफटी’ अशी अक्षरे येतात. एकाच अक्षराचा अर्थ दोन कंपन्यांत वेगळा असू शकतो. त्यामुळे इंटरनेटवर सापडलेली यादी बाजूला ठेवून आपल्या मॉडेलची पुस्तिकाच पाहावी.

पाणी काढताना प्लग काढलेला हवा. एसी हलवण्याऐवजी खाली पसरट परात सरकवून मागच्या तळाचे रबरी बूच काढणे सोपे. परात भरत आली की बूच लावायचे, परात रिकामी करायची आणि पाणी थांबेपर्यंत असेच करत राहायचे. टाकी रिकामी होऊनही तेच अक्षर राहिले तर फ्लोट गाळाने अडकलेला असण्याची शक्यता मोठी. पावसाळ्यात ‘ड्राय’ मोडवर रात्रभर चालवायचे असेल तर बऱ्याच मॉडेलना वेगळी नळी जोडता येते. ती नळी मोरीपर्यंत सतत उतरती राहिली पाहिजे, मध्ये कुठे वर चढली तर पाणी मागे तुंबते.

थंड हवा येते, पण खोली गार होत नाही

ही तक्रार सर्वात जास्त आणि तिचे उत्तर बहुधा पाइपात असते. १ टनाचा एसी तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता खेचतो. त्यासाठी तो स्वतः साधारण १.२ ते १.४ किलोवॉट वीज घेतो. ही दोन्ही मिळून जवळपास ५ किलोवॉट उष्णता त्या एका पाइपातून बाहेर जायची असते. २ किलोवॉटच्या दोन गिझरपेक्षाही जास्त. पाइप मुडपला, कपाटामागून वळसे घालून नेला किंवा गच्चीपर्यंत पोहोचावा म्हणून बाजारातला जादा तुकडा जोडला, तर हवा अडते आणि तापलेला पाइप खोलीतच शेगडीसारखा बसतो. यंत्रासोबत आलेला पाइप तेवढाच वापरावा, शक्य तितका सरळ आणि आखूड.

खिडकीचा किट सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीसाठी बनवलेला असतो. जुन्या लाकडी झडपांच्या आणि लोखंडी ग्रिलच्या खिडकीत तो नीट बसत नाही. मग फटीतून बाहेरची गरम हवा आत येत राहते. तिथे थर्माकोल किंवा प्लायवुडचा तुकडा कापून लावणे भाग आहे. डासांसाठी पाइपाच्या तोंडावर जाळी बांधलेली असेल तर ती आधी काढून पाहा. धूळ बसून ती काही आठवड्यांत गच्च होते.

जाळ्यांचेही तसेच. मागे वरची एक जाळी सगळे धुतात, पण अनेक यंत्रांत खाली दुसरी असते आणि ती विसरली जाते. दोन आठवड्यांनी एकदा कोमट पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण सुकवून बसवावी. जाळी तुंबली की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि हवा जवळपास बंद होते. अशा वेळी ‘फॅन’ मोडवर बर्फ वितळू द्यावा, टोकदार वस्तूने खरवडू नये.

एकच पाइप असलेला एसी खोलीतलीच हवा बाहेर फेकतो. तेवढीच हवा दाराखालून, फटींतून खोलीत ओढली जाते. यात एक धोका आहे, जो खरेदीच्या वेळी क्वचितच कुणी सांगते. खोलीला लागून असलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर चालू असेल, तर त्याच्या ज्वलनातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड बेडरूमकडे ओढला जाऊ शकतो. या वायूला वास नसतो, रंग नसतो. गॅस गिझर चालू असताना पोर्टेबल एसी बंद ठेवावा आणि न्हाणीघराची खिडकी उघडी असावी.

रिसेट कधी करू नये?

प्लग किंवा सॉकेट हाताला गरम लागत असेल, पिवळे-काळे पडले असेल, जळका वास येत असेल, तर एसीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. १ टनाचा एसी साधारण ६ अँपिअर वीज सतत घेतो आणि सुरू होताना त्याहून कितीतरी जास्त. मोबाइल चार्जरसाठीचा एक्स्टेन्शन बोर्ड त्यासाठी नाही. १६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले स्वतंत्र सॉकेट हवे. भाड्याच्या घरात ते नसेल तर वायरमनकडून तपासून मगच एसी लावावा.

एमसीबी पडला तर एकदा वर करून पाहण्यापुरते ठीक. पुन्हा पडला की थांबावे. आरसीसीबी पडत असेल तर वीज कुठेतरी गळते आहे, कदाचित एसीच्या आत पाणी गेले आहे. तो दाबून धरणे किंवा बायपास करणे म्हणजे जिवाशी खेळ. मागचे झाकण उघडून पाहण्याचा मोहही टाळावा. प्लग काढला तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असू शकते.

घर बदलताना टेम्पोत एसी आडवा टाकला गेला असेल, तर नव्या घरी पोहोचताच सुरू करू नये. कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत गेलेले असते. यंत्र उभे ठेवून पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा.

‘गॅस संपला’ असे सांगितले तर?

एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार आणि पैसेही. तंत्रज्ञ येण्याआधी एक चाचणी घरीच होते. एसी १५ मिनिटे चालू द्या आणि खोलीचे तापमान मोजणारा साधा डिजिटल थर्मामीटर (तापाचा चालणार नाही) आधी मागच्या जाळीजवळ, मग पुढच्या झोतात धरा. फरक ८ ते ११ अंशांच्या आसपास असेल तर गॅसची बाजू सहसा ठीक असते, दोष पाइपात, फटींत किंवा खोलीच्या आकारात शोधावा. वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली १ टन कमी पडणे यात नवल नाही. जाळ्या स्वच्छ, कॉम्प्रेसर चालू, तरी फरक तीन-चार अंशांचाच आणि मागचा पाइपही फारसा तापत नसेल, तर गॅस किंवा कॉम्प्रेसरचा संशय खरा मानावा. पंखा चालतो पण कॉम्प्रेसर लागतच नाही किंवा नुसता गुणगुणून बंद होतो, अशा वेळी बऱ्याचदा कपॅसिटर गेलेला असतो आणि तो बदलणे गॅस भरण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

पोर्टेबल एसीत गॅस भरण्यासाठी बाहेर व्हॉल्व्ह बहुधा नसतो. नळी कापून, गळती डाख देऊन बुजवून, व्हॅक्यूम करून मग गॅस भरावा लागतो. मागच्या पट्टीवर गॅसचे नाव आणि वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. त्यावर आर-२९० असेल तर तो प्रोपेन आहे, सहज पेट घेणारा. आर-३२ सुद्धा काही प्रमाणात ज्वलनशील आहे. हे काम बंद बेडरूममध्ये, ‘पाच मिनिटांत टॉप-अप’ म्हणून करू देऊ नये. गळती कुठे सापडली, व्हॅक्यूम केला का आणि वजनकाट्यावर किती ग्रॅम भरले, या तीन गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात. हमीची मुदत बाकी असेल तर बाहेरच्या माणसाला नळी कापू देण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा.